कापड उलटवून बघा: दमास्क म्हणजे नेमकं काय?

लग्नसराईत कापड घ्यायला बाहेर पडलं की एक शब्द आता सारखा भेटतो: दमास्क. नवरदेवाच्या शेरवानीचं कापड दमास्क, नव्या घराचे पडदे दमास्क, सोफ्याच्या खोळी दमास्क, भिंतीला चिकटवायचा कागदसुद्धा दमास्क. संभाजीनगरच्या गुलमंडीत एका दुकानात विचारलं, "दमास्क म्हणजे काय हो?" तर उत्तर आलं, "ताई, ब्रोकेडच ते." शेजारच्या दुकानात त्याच जातीच्या ताग्याला जॅकार्ड म्हणत होते. घरी येऊन मोबाइलवर शोधलं, तर ज्या कशावर मोठी फुलं आणि वळणदार पानं आहेत ते सगळं दमास्क.

मी स्वतः एकदा यात फसले आहे. पश्चिमेच्या खिडकीसाठी दमास्क म्हणून पडद्यांचं कापड मागवलं. फोटोत फुलं चमकत होती. कापड घरी आलं, उलटवलं, तर मागची बाजू पांढरीफटक. नक्षी वरून छापलेली होती. एक उन्हाळा गेला आणि फुलं विटली. त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला, तो इथे सांगते. हातात आलेलं कापड आधी उलटवून बघायचं, एवढी एक सवय लागली तरी पुढचं सगळं सोपं जातं.

अंगण सारवताना दिसते ती नक्षी

गावाकडचं शेणाने सारवलेलं अंगण आठवा. शेण एकच, पाणी तेच, रंगही सगळीकडे सारखा. तरी सारवण वाळलं की त्यावर हाताचे अर्धगोल फेर दिसतात. कुणी वेगळा रंग ओतलेला नसतो. हात ज्या दिशेने फिरला त्या दिशेने सारवणातल्या काड्या बसतात, आणि प्रत्येक फेरावर उजेड वेगळा पडतो. रब्बीच्या ज्वारीवर वारा सुटला की एकाच शेतात फिके आणि गडद पट्टे पळताना दिसतात, तेही यामुळेच.

दमास्क म्हणजे कापडात हेच घडवून आणणं. नक्षीसाठी वेगळा रंग नाही, जास्तीचा धागा नाही, छाप तर नाहीच. धाग्यांची दिशा बदलते आणि उजेड उरलेलं काम करतो. म्हणून अस्सल दमास्क बऱ्याचदा एकरंगी असतं, पांढऱ्यावर पांढरं किंवा मोरपंखीवर मोरपंखी. समोरून फूल उजळ आणि जमीन, म्हणजे फुलाभोवतीचं कापड, गडद दिसते. दोन पावलं बाजूला सरका, फूल गडद आणि जमीन उजळ होते.

बीबी का मकबऱ्याच्या भिंतींवरची चुन्याच्या गिलाव्यातली वेलबुट्टी पाहिली असेल. पांढऱ्यावर पांढरी. भर दुपारी ती जवळजवळ हरवते, ऊन कललं की पाकळी न् पाकळी उठून दिसते. तिथे उंचसखलपणामुळे सावली पडते आणि कापडात धाग्याच्या दिशेमुळे चकाकी बदलते, एवढाच फरक.

आता बाज विणून बघू

दिशा बदलते म्हणजे काय, हे कळायला विणीची ओळख हवी. मागावर आधीपासून ताणून बसवलेले उभे धागे म्हणजे ताणा. त्यातून आडवा धावणारा धागा म्हणजे बाणा.

सुतळीची बाज विणताना एक दोर वर, एक खाली, असं आळीपाळीने घेतलं तर घट्ट चौकटी पडतात. ही साधी वीण. धोतर, मांजरपाट, रोजचा सुती शर्ट सगळे असेच विणलेले असतात. तेच दोन वर, एक खाली असं घेत प्रत्येक ओळीत एक घर सरकत गेलात तर तिरक्या रेघा उमटतात. जीन्सवरची तिरकी रेघ तीच.

तिसरी रीत आपल्या कामाची. ताण्याचा धागा चार बाण्यांच्या वरून जातो, एकाखाली बुडतो, पुन्हा चारांच्या वरून. आणि बुडण्याच्या जागा शेजारी शेजारी येऊ देत नाहीत, विखुरतात. त्यामुळे वरून बघताना जवळपास नुसता ताणाच दिसतो, लांब, सपाट, अखंड. उजेड त्यावरून पाण्यासारखा घसरतो. या विणीला सॅटिन म्हणतात. सॅटिन म्हणजे रेशीम किंवा पॉलिस्टर असं पुष्कळांना वाटतं, पण ते धाग्याचं नाव नाही. सुती सॅटिनही असतं.

या विणीचं कापड उलटवा. पुढे ताणा पाचांपैकी चार घरं वर होता, म्हणजे मागे तो पाचांपैकी एकच घर दिसणार आणि बाकी चार घरं बाणा. एकाच कापडाची एक बाजू उभ्या धाग्यांची, दुसरी आडव्या धाग्यांची.

दमास्क विणणारा एवढंच करतो: जमीन सॅटिनच्या सुलट्या बाजूने विणतो आणि फुलाच्या जागी तीच वीण उलटी करतो. फुलात आडवे धागे वर, जमिनीत उभे. मागच्या बाजूला याच्या बरोब्बर उलट. म्हणून दमास्क दोन्ही बाजूंनी वापरता येतं, नक्षी तीच राहते आणि उजळ-गडद तेवढं बदलतं. सोलापुरी चादर उलटवली की रंगांची अदलाबदल होते ना, तसंच. चादरीची वीण निराळी आहे आणि तिथे रंग दोन असतात, पण उलटवल्यावरचा तो आनंद सारखाच.

लिननच्या टेबलक्लॉथवर 'सिंगल' आणि 'डबल' दमास्क असं लिहिलेलं सापडतं. कापड दुहेरी आहे असा त्याचा अर्थ नाही. सिंगल म्हणजे पाच धाग्यांची सॅटिन वीण आणि डबल म्हणजे आठांची. आठांच्या विणीत धागा जास्त लांब तरंगतो, कापडही दाट विणलेलं असतं, म्हणून चकाकी अधिक.

दमास्कस शहराचा काय संबंध?

नाव सीरियातल्या दमास्कस शहरावरून पडलं. युरोपच्या व्यापाऱ्यांना हे नक्षीदार कापड त्या बाजारपेठेतून मिळे, म्हणून त्यांनी त्याला शहराचं नाव दिलं. कला त्या एकाच शहराची नव्हे. चीनमध्ये रेशमाची अशी एकरंगी नक्षीची कापडं तांग राजवटीतही विणली जात होती. पुढे इटलीत व्हेनिस, जिनोआ, लुका या शहरांनी यात नाव कमावलं. त्यांच्या कापडांवर डाळिंबाची नक्षी फार आवडीने विणली जायची. आपल्या संभाजीनगरच्या हिमरू कापडावरही डाळिंब आहेच, आणि जालना-बीडकडच्या बागांमध्येही.

त्याच शहराच्या नावाचं दमास्क गुलाबही आहे आणि दमास्कसचं पोलादही, ज्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारख्या रेषा उमटतात. अशा पात्यांसाठी नावाजलेलं कच्चं पोलाद जिथे तयार होई, त्यातलं एक गाव म्हणजे कोनसमुद्रम, नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातलं.

पूर्वी अशी नक्षी विणायला दोन माणसं लागत. विणकर खाली बसून आडव्या धाग्याचा धोटा फेकणार आणि दुसरा, बहुतेक वेळा एखादा मुलगा, नक्षीप्रमाणे दोऱ्या ओढून नेमके ताण्याचे धागे उचलून धरणार. एक धागा चुकला की पाकळी मोडली. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने हे काम छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांकडे सोपवलं. रांगोळीचा छाप आठवा. छिद्र असेल तिथून पूड खाली पडते, नसेल तिथे अडते. जॅकार्डच्या पुठ्ठ्यात छिद्र असेल तिथे सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो. आडव्या धाग्याच्या दर फेऱ्याला एक पुठ्ठा. पुढे याच यंत्रणेवर जॅकार्डचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. संगणकाचा आराखडा मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजने छिद्रांच्या पुठ्ठ्यांची कल्पना इथूनच उचलली.

तेव्हा दुकानदार 'जॅकार्ड' म्हणतो ते खोटं नाही, पण ते यंत्राचं नाव आहे. दमास्क हे विणीचं नाव.

मग ब्रोकेड, हिमरू, पैठणी, मशरू हे काय?

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण मराठवाड्याच्या माणसाला हे समजायला कुठल्या संग्रहालयात जावं लागत नाही. आजीच्या पेटीत हात घातला तरी पुरतं.

ब्रोकेडमध्ये नक्षीसाठी जास्तीचा धागा लागतो. जमीन विणणारा बाणा वेगळा, बुट्टी विणणारा वेगळा, तो रेशमाचा असेल नाहीतर जरीचा. किनखाब हे याच कुळातलं, सोन्याचांदीच्या तारांचं.

हिमरूही याच घराण्यातलं. ताणा सुताचा, नक्षीचा बाणा रेशमाचा. फारसीतल्या 'हमरूह' म्हणजे सारखं दिसणारं, यावरून हे नाव आलं असं सांगतात: किनखाबासारखं दिसणारं, पण सुताच्या आधाराने परवडणारं. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा दिल्लीकडचे विणकर इथे आले आणि ही कला रुजली, असं परंपरेने मानतात. हिमरूची शाल उलटवा. नक्षीचा धागा जिथे पुढे लागत नाही तिथे तो मागे मोकळा तरंगत जातो. मागची बाजू म्हणजे धाग्यांचं रान. त्यामुळे हिमरू उबदार आणि अंगाला मऊ लागतं, आणि त्यामुळेच त्याच्या जॅकेटला अस्तर लावतात.

पैठणीचं गणित तिसरंच. पदरावरच्या मोराचा प्रत्येक रंग आडव्या धाग्याने आपापल्या जागेपुरताच विणला जातो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवला जातो. मागे काही तरंगत नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर म्हणूनच दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

आणि मशरू. हिमरूबरोबर औरंगाबादेत हेही विणलं जायचं. मशरू म्हणजे शरियतला मान्य असलेलं. पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये असा धार्मिक दंडक, त्यावर विणकरांनी काढलेली वाट: ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण सॅटिनची. वर सगळं रेशीम दिसतं, अंगाला सूत लागतं. वरचं सॅटिनचं गणित ज्यांना अवघड वाटलं असेल त्यांनी मशरूचा एक तुकडा उलटसुलट करून पाहावा, लगेच उलगडेल. दमास्कच्या जमिनीत जे होतं, ते मशरूत अख्ख्या कापडभर होतं.

थोडक्यात, कापड उलटवा. मागे मोकळे धागे दिसले तर ब्रोकेड किंवा हिमरू. दोन्हीकडे हुबेहूब तीच रंगीत नक्षी असेल तर पैठणीची रीत. तीच नक्षी पण उजळ-गडद उलटं दिसलं तर दमास्क. आणि मागे नक्षीच नसेल किंवा फिकट डाग उतरल्यासारखी दिसली तर छापील. छापील कापड वाईट असतं असं नाही, फक्त पैसे छापील कापडाचे द्यावेत.

अंगावर घालायचं तर

शेरवानी, बंद गळ्याचं जॅकेट, चोळी, लेहेंगा, सगळ्यांना दमास्क शोभतं. ज्यांना जरीचा भार नको पण कापड साधंही नको, त्यांच्यासाठी तर हे फारच योग्य. दिव्याच्या उजेडात माणूस हलला की नक्षी जागी होते. जवळ बसलेल्याला ती दिसते, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला दिसत नाही. मला हा संकोची देखणेपणा आवडतो.

पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः मालीत, सुती दमास्कचे पायघोळ झगे सणावाराला घालतात. तिथे त्याला बाझँ म्हणतात. राजधानी बामाकोत हे कापड रंगवून, खळ देऊन, लाकडी मोगऱ्यांनी बडवतात, मग त्याला काचेसारखी चकाकी येते. आपल्याकडेही कापडाची कुंदी करत. एखाद्याची 'कुंदी काढणं' हे आपण ज्या अर्थाने म्हणतो, तो त्या बडवण्यातूनच आलेला.

शिंप्याकडे देताना दोन गोष्टी सांगून ठेवा. पहिली, सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे. कापड वाचवायला एक बाही उलट दिशेने बेतली तर फुलं डोक्यावर उभी राहतात, आणि आडवी बेतली तर त्या बाहीची चकाकीच वेगळी दिसते. फोटोत ती बाही दुसऱ्या कापडाची वाटते. दुसरी, कापलेल्या कडांचे धागे फार लवकर सुटतात, म्हणून बेतल्याबरोबर ओव्हरलॉक करून घ्यायचं. आणि तरंगते धागे अंगठीत, बांगडीच्या टवक्यात अडकतात. रोज स्वयंपाकघरात वावरताना घालायचं हे कापड नव्हे.

घरात कुठे, कुठे नको

आपण दमास्क वापरतच नाही असं वाटत असेल तर एखाद्या बऱ्या हॉटेलची खोली आठवा. पलंगावर पांढरी चादर आणि तिच्यावर पांढरेच चकाकते पट्टे. ती दमास्कच्याच नात्यातली. पट्ट्यात वीण एक, मधल्या जागेत दुसरी.

पडद्यांना दमास्क उत्तम, पण मापात फसगत होते. समजा मुरडीसह पडदा ८४ इंच लांब हवा आणि कापडावरची नक्षी दर २४ इंचांनी पुन्हा येते. सगळ्या पडद्यांवर फूल एकाच उंचीवर यायला हवं असेल तर प्रत्येक पडद्याला नक्षीचे पूर्ण चार फेर, म्हणजे ९६ इंच कापड लागेल. चार पडद्यांना ४८ इंच जादा, सव्वा मीटरच्या आसपास. हे घेताना मोजलं नाही तर शेवटचा पडदा आखूड पडतो, आणि तोवर तो तागा संपलेला असतो. रेशमी दमास्क आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात थेट टांगू नका, रेशीम उन्हाने कुजतं. खिडकीच्या बाजूने सुती अस्तर लावाच.

भिंतीवरच्या दमास्क कागदाबद्दल प्रश्न येतो, की कागदात कसली वीण? नाहीच. युरोपात श्रीमंतांच्या भिंतींना खरं दमास्क लावत. ज्यांना ते परवडेना त्यांच्यासाठी १८व्या शतकात इंग्लंडमध्ये कागदावर गोंदाने नक्षी काढून तिच्यावर लोकरीची भुकटी चिकटवत. तेव्हापासून ही नक्षीच दमास्क म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे आज या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक विणीचा आणि एक नक्षीच्या चालीचा. बाजारातला अर्धा घोळ यातूनच होतो.

पांढरा दमास्क टेबलक्लॉथ आणि आपला हळदीचा रस्सा यांचं जमणार कसं, असं माझ्या जाऊबाईंनी विचारलं होतं. जमतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, घाबरायचं नाही. धुऊन ओलं कापड कडक उन्हात घाला, हळदीचा रंग उजेडाने उडतो. सुती किंवा लिनन असेल तर थोडं दमट असतानाच इस्त्री करा, आधी उलट्या बाजूने, मग सुलट्या. धागे सपाट बसतात आणि नक्षी पुन्हा वर येते. रंगीत असेल तर फक्त उलट्या बाजूने.

रुखवत आणि गोधडी

हस्तकलेत दमास्कचा एक फायदा फारसा कुणी घेत नाही. एकच कापड दोन छटा देतं. अर्धे चौकोन सुलटे, अर्धे उलटे ठेवून गोधडी शिवा, एकाच रंगाची पण सोंगट्यांच्या पटासारखी गोधडी तयार होते. उशीच्या खोळी शिवून उरलेल्या चिंध्यांतून बटवे, देवघरातल्या चौरंगावरचं वस्त्र, रुखवतातल्या डब्यांची आणि परड्यांची आवरणं, वहीचं बांधणीचं कापड, सगळं निघतं. पुठ्ठ्यावर चिकटवणार असाल तर खळ पातळ लावू नका, ती विणीतून वर येऊन चकाकी मारते. कशिदा काढायचा असेल तर नक्षीच्या कडेकडेने एक रेघ टाका पुरे. फूल आधीच कापडात आहे, त्यावर आणखी फूल कशाला?

पॉलिस्टरचं दमास्क खोटं का?

नाही. दमास्क वीण आहे, धागा कोणता हा वेगळा प्रश्न. रेशमाचं, सुताचं, लिननचं, पॉलिस्टरचं, सगळं दमास्क होऊ शकतं. सोफ्याला पॉलिस्टर टिकाऊ पडतं. पण मे महिन्यात परभणीला दुपारच्या लग्नात पॉलिस्टरचं जॅकेट घालून बसणं मी कुणाला सुचवणार नाही. सुताला चकाकी येत नाही असाही एक समज आहे. इंग्लंडच्या जॉन मर्सरने १८४४ मध्ये सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली. धागा ताणून धरून ती केली की तो गोल फुगतो आणि चमकतो. मर्सराइज्ड सुताचं दमास्क म्हणूनच रेशमाच्या जवळ जातं.

धागा कोणता ते ओळखायला कडेचा एकच धागा काढून, चिमट्यात धरून, जपून जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला जळक्या केसांचा, आणि पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते.

आपल्याकडे हिमरू असताना हे कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, आणि तो रास्तच आहे. माझं उत्तर असं की दोन्हींची कामं वेगळी. ज्या टेबलावर जेवायचं, जी चादर आठवड्याला धुवायची, तिथे हिमरूचे मागचे मोकळे धागे टिकणार नाहीत. तिथे दमास्क हवं. पण लग्नातली शाल, जॅकेट, उशीची दर्शनी खोळ यांसाठी दमास्कचा तागा घेण्याआधी एकदा हातमागाचं हिमरू बघून यायला हवं. शेरवानीला निजामाच्या राजवटीत हे कापड मानाचं होतं. आता त्याचे हातमाग फार थोडे उरलेत, आणि यंत्रमागावरचं कापडही हिमरू म्हणूनच विकलं जातं. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी यंत्रावरची साडी पैठणी म्हणून खपतेच. दोन्हीकडे गिऱ्हाइकाने कापड उलटवून बघणं हाच इलाज.

विणकराकडे गेलात तर त्यालाच उलटवून दाखवायला सांगा. तो आधी थोडा थबकेल, कारण गिऱ्हाईक मागची बाजू मागत नाही. मग शाल मांडीवर पालथी घालेल आणि त्या धाग्यांच्या रानातून बोट फिरवत दाखवेल, हा हिरवा इथून निघाला, इतक्या घरांवरून गेला, आणि तिकडे त्या पानात उतरला.